राखीव कॅचरचे बिऱ्हाड

या सदरात येणाऱ्या पत्रांमध्ये एरवी क्रिकेट, कबड्डी आणि कुस्ती यांचीच गर्दी असते. मात्र मुला-नातवंडांच्या निमित्ताने अमेरिकेत काही महिने काढून आलेल्या वाचकांची संख्या वाढू लागल्यापासून बेसबॉलविषयीचे प्रश्नही नियमित येऊ लागले आहेत. त्यांतली काही पत्रे एकाच माणसाभोवती फिरत होती. हा माणूस म्हणजे संघातला दुसरा कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा), आठवड्यातून एकदा-दोनदा खेळणारा आणि दर वर्षी नव्या गावी बिऱ्हाड हलवणारा. म्हणून या महिन्याचे सदर त्याच्यासाठीच राखून ठेवले आहे.

प्रश्न : कॉलेजच्या दिवसांत मी विकेटकीपर होतो. गेल्या वर्षी मुलाकडे पाच महिने राहिलो, तेव्हा जवळजवळ रोज संध्याकाळी बेसबॉल पाहिला. एरिक क्रॅट्झ नावाच्या निवृत्त कॅचरने नऊ संघांकडून सामने खेळल्याचे समालोचनात ऐकले. इतक्या ठिकाणी फिरावे लागणारा खेळाडू कच्चा म्हणायचा की पक्का? आणि एकदा काढलेल्याला पुन्हा घेतात तरी का? – एक वाचक, पुणे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. घेतात, आणि क्रॅट्झला तर पिट्सबर्ग पायरेट्स, फिलाडेल्फिया फिलीज आणि न्यूयॉर्क यँकीज या तीन संघांनी काही वर्षांच्या अंतराने दुसऱ्यांदाही मैदानात उतरवले. पहिल्या प्रश्नासाठी थोडे शब्दाकडे वळावे लागेल. अशा खेळाडूला इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात. ऐकताना त्याचा संबंध प्रवासाशी वाटतो, परंतु मुळात हा शब्द फ्रेंचमधल्या ‘दिवस’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. उमेदवारी संपली आहे, कसब हातात आले आहे, परंतु स्वतःचे दुकान नाही, म्हणून दिवसाच्या मजुरीवर दुसऱ्याच्या दुकानात काम करतो, असा कारागीर त्या शब्दाने ओळखला जाई. आपल्याकडच्या सोनारांच्या पेढ्यांवर असे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बसलेले आहेत. तेव्हा हात पक्का आणि दुकान परके, असे क्रॅट्झचे वर्णन करता येईल.

क्रॅट्झचा जन्म १९८० सालचा आणि गाव पेनसिल्व्हेनिया राज्यातले टेलफर्ड. मेनोनाइट हा शांततावादी ख्रिस्ती पंथ आहे, आणि क्रॅट्झचे शालेय शिक्षण या पंथाच्या शाळेत, तर पुढचे व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्ग येथील ईस्टर्न मेनोनाइट विद्यापीठात झाले. बेसबॉलचे खेळाडू शोधत फिरणाऱ्यांची पावले ज्या विद्यापीठांकडे आधी वळतात, त्यांत याचे नाव घेतले जात नाही. २००२ सालच्या खेळाडू निवडीत टोरंटो ब्लू जेज या संघाने त्याला २९व्या फेरीत घेतले, म्हणजे त्याच्या आधी देशभरातल्या आठशेहून अधिक मुलांची नावे पुकारून झाली होती. त्यानंतर मायनर लीग सुरू झाली. मोठ्या संघांच्या पदरी असलेल्या, ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा चढत्या पायऱ्यांच्या या संघांमध्ये तो आठ वर्षे खेळत राहिला. मेजर लीग या सर्वांत वरच्या पायरीवरचा त्याचा पहिला सामना १७ जुलै २०१० रोजी पिट्सबर्गकडून झाला, तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती. या वयात पुष्कळ खेळाडूंच्या घरचे लोक त्यांना आता दुसरे काही बघ म्हणून सांगू लागतात.

राखीव कॅचरचे दैव दुसऱ्याच्या पायात असते. २०१२ साली फिलाडेल्फियाचा पहिला कॅचर कार्लोस रुइझ तळपायाच्या दुखण्याने बाहेर बसला आणि क्रॅट्झला सलग खेळायला मिळाले. २०१३ च्या सुरुवातीला उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात रुइझवर २५ सामन्यांची बंदी आली, तेव्हा पुन्हा दार उघडले. या दोन्ही हंगामांत क्रॅट्झने प्रत्येकी नऊ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले. एकूण कारकिर्दीत त्याचे ३१ होमरन आहेत, म्हणजे निम्म्याहून अधिक या दोन वर्षांतले. दार उघडले की आत शिरता आले पाहिजे, आणि तो शिरला. परंतु रुइझ परतला, तशी ती जागाही परत गेली.

त्यापुढचा प्रवास सविस्तर लिहिला तर रेल्वेचे वेळापत्रक होईल. तो पुन्हा टोरंटोला गेला, आणि २०१४ च्या जुलैमध्ये अदलाबदलीत कॅन्सस सिटी रॉयल्सकडे आला. त्या वर्षी रॉयल्स थेट वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेपर्यंत पोहोचले. मात्र त्यांचा कॅचर साल्वाडोर पेरेझ विश्रांती घेणाऱ्यांपैकी नव्हता, त्यामुळे अख्ख्या ऑक्टोबरात क्रॅट्झच्या वाट्याला एकही इनिंग आली नाही. २०१६ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोज आणि पिट्सबर्ग या दोन्ही संघांकडून तो खेळला, आणि सामना हातचा गेल्यावर खरे पिचर (चेंडू टाकणारे) दमवायला नकोत म्हणून दोन्ही ठिकाणी त्याला पिचिंगलाही उभे केले गेले. एकाच हंगामात दोन संघांसाठी चेंडू झेलणारा आणि टाकणाराही असा खेळाडू सहसा सापडत नाही.

मला त्याच्या कारकिर्दीतले सर्वांत आवडणारे पान २०१८ चे आहे. मे महिन्यात तो यँकीजच्या ट्रिपल ए संघात होता, तिथून मिल्वॉकी ब्रुअर्सने त्याला उचलले, आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत तो त्या संघाचा भरवशाचा कॅचर झाला होता. हंगामानंतरच्या बाद फेरीत पहिल्यांदा खेळण्याची संधी त्याला वयाच्या ३८व्या वर्षी मिळाली. कोलोरॅडो रॉकीजविरुद्धच्या तीन सामन्यांच्या मालिकेत त्याने आठ संधींत पाच हिट, म्हणजे बॅटरला धावण्याच्या वाटेवरच्या टप्प्यावर (बेसवर) सुखरूप पोहोचवणारे फटके, मारले. ज्याची कारकिर्दीची सरासरी .२०९, म्हणजे पाचांतून जेमतेम एक, त्याने त्या चार दिवसांत हिशेब उलटा करून दाखवला. पुढच्या फेरीत ब्रुअर्स लॉस एंजेलिस डॉजर्सकडून सातव्या सामन्यात हरले. क्रॅट्झ त्यानंतर सॅन फ्रान्सिस्को, टँपा बे आणि पुन्हा यँकीज असे तीन उंबरे ओलांडून, २०२० च्या ६० सामन्यांच्या तोकड्या हंगामानंतर चाळिसाव्या वर्षी निवृत्त झाला.

अकरा हंगामांत त्याचे सामने सुमारे ३३० भरतात. १६२ सामन्यांच्या हंगामात संघाचा पहिला कॅचर साधारण ११० ते १३० सामने खेळतो, तेव्हा त्याची तीन वर्षांची मजुरी क्रॅट्झने अकरा वर्षांत पसरून केली असे म्हणता येईल.

इतकी भटकंती का होते, तेही सांगतो, कारण नियमांमध्येच त्याचे मूळ आहे. संघाच्या चालू यादीत २६ खेळाडू असतात आणि त्याभोवती ४० जणांची मोठी यादी असते. या ४० जणांतल्या तरुण खेळाडूला संघ साधारणतः तीन हंगामांपर्यंत हवे तेव्हा खाली पाठवून पुन्हा वर बोलावू शकतो. तो कोटा संपला की खेळाडूला खाली पाठवण्याआधी यादीतून बाजूला काढावे लागते, आणि सात दिवसांत त्याची अदलाबदल करावी लागते किंवा इतर २९ संघांना तो उचलण्याची मुभा द्यावी लागते. अनुभवी राखीव कॅचरचा हा कोटा केव्हाच संपलेला असतो. त्यामुळे आपल्या संघाचा जायबंदी कॅचर बरा झाला, की हा बाजूला निघतो, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणत्या तरी शहरात कुणाचे तरी बोट मोडलेले असते.

प्रश्न : मी शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, तेही कॅचर म्हणून, त्यामुळे मांड्या भरून येणे म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण व्यावसायिक संघ फलंदाजीत इतक्या कमी पडणाऱ्या कॅचरला वर्षानुवर्षे ठेवतात, ते नेमके कशासाठी? न खेळण्याच्या दिवशी तो करतो तरी काय? – एक वाचक, जळगाव

उत्तर : आपण त्या जागेवर बसलेल्या आहात, त्यामुळे आपल्याला हे समजावणे सोपे आहे. मैदानातले बाकी आठही जण बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटकडे तोंड करून उभे असतात आणि सगळे मैदान समोर दिसणारा कॅचर हा एकटाच असतो. प्रत्येक चेंडू कोणता टाकायचा, कुठे टाकायचा, याची सूचना त्याच्याकडून जाते. पूर्वी ती बोटांच्या खुणांनी जाई आणि २०२२ पासून बटणे दाबून पिचरच्या टोपीतल्या छोट्या यंत्रापर्यंत पोहोचते. एका सामन्यात एक संघ साधारण १४०-१५० चेंडू टाकतो, म्हणजे तितकेच निर्णय झाले. विकेटकीपरशी तुलना इथे थांबते, कारण विकेटकीपर गोलंदाजाला दर चेंडूला हुकूम देत नाही.

आता न खेळण्याच्या दिवसाबद्दल. राखीव कॅचर दुपारीच मैदानावर येतो, प्रतिस्पर्धी बॅटरांच्या कच्च्या जागांची माहिती पिचर आणि प्रशिक्षक यांच्यासोबत वाचतो, मध्येच पिचरला सरावासाठी चेंडू झेलून देतो. सामन्यात पहिला कॅचर बेसवर अडकला असेल आणि इनिंग संपली असेल, तर तो पॅड बांधेपर्यंत पिचरचे तयारीचे चेंडू हा राखीव कॅचरच मुखवटा घालून झेलतो. रात्रीच्या सामन्यापाठोपाठ दुसऱ्या दिवशी दुपारचा सामना असेल, तर पहिल्याच्या गुडघ्यांना विश्रांती म्हणून बहुधा हाच खेळतो. कोणता पिचर एक धाव दिली की खचतो, कुणाला चुचकारायचे, कुणाला झापायचे, हे त्याला तोंडपाठ असावे लागते. २०२० मध्ये यँकीजच्या २१ वर्षांच्या देईवी गार्सियासारख्या कोवळ्या पिचरांना सांभाळायला चाळिशीतला क्रॅट्झ लागला, तो याच कामासाठी.

काही पिचरांचे आपापले कॅचर ठरलेले असतात. बोस्टन रेड सॉक्सचा टिम वेकफिल्ड ‘नकलबॉल’ टाकायचा. जवळजवळ न फिरणारा हा चेंडू कुठे वळेल हे टाकणाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही, मग झेलणाऱ्याची काय कथा! वेकफिल्डचे चेंडू झेलण्याचे काम राखीव कॅचर डग मिराबेलीकडे होते. २००५ च्या डिसेंबरात बोस्टनने मिराबेलीला सॅन डिएगोला देऊन टाकले, आणि २००६ च्या हंगामाच्या सुरुवातीला नवा कॅचर जॉश बार्ड वेकफिल्डच्या पाच सामन्यांत दहा चेंडू सोडून बसला. बार्डला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण हे एका माणसाने अनेक वर्षांत कमावलेले कसब होते. शेवटी १ मे रोजी बोस्टनने बार्डसोबत एक तरुण पिचर देऊन मिराबेलीला परत मागवले. त्याच संध्याकाळी घरच्या मैदानावर यँकीजविरुद्ध सामना होता आणि वेकफिल्डच टाकणार होता. खासगी विमानाने मिराबेली बोस्टनला उतरला, पोलिसांच्या गाडीत बसून, सायरन वाजवत, वाटेत गाडीतच गणवेश चढवत मैदानावर पोहोचला, तेव्हा पहिला चेंडू पडायला काही मिनिटेच उरली होती. सामना बोस्टनने जिंकला. एका दुय्यम खेळाडूसाठी शहराने वाट मोकळी केल्याचा याहून नाट्यमय प्रसंग मला आठवत नाही.

राहिला फलंदाजीचा मुद्दा. जेफ मॅथिस नावाच्या कॅचरची कारकिर्दीची सरासरी .१९४ होती आणि तरीही तो १७ हंगाम मेजर लीगमध्ये टिकला. याचे अर्धे उत्तर ‘फ्रेमिंग’ या कसबात आहे. बॅटरने न मारलेला चेंडू स्ट्राइक (योग्य जागेतून गेलेला, बॅटरच्या विरुद्ध मोजला जाणारा) की बॉल (जागेबाहेरचा), हे पंच ठरवतो. होम प्लेट १७ इंच रुंद असते आणि तिच्या कडेला निसटता लागून जाणारा चेंडू कॅचरने हात न हलवता, शांतपणे, किंचित आत ओढून झेलला, तर पंचाचे मत स्ट्राइककडे झुकते. हे पूर्वीपासून सगळ्यांना माहीत होते, परंतु चेंडूचा मार्ग कॅमेऱ्यांनी मोजता येऊ लागल्यावर, साधारण २००७ नंतर, असे किती स्ट्राइक कोणी मिळवून दिले याचा हिशेब मांडता आला. त्या हिशेबात पोर्तो रिकोच्या होझे मोलिनाचे नाव फार वर आले. मोलिना बंधू तिघेही कॅचर होते, आणि बेंजी व यादियर यांच्यामानाने होझे बहुतेक काळ राखीवच राहिला. तरीही २००९ साली यँकीज वर्ल्ड सिरीज जिंकत असताना ए. जे. बर्नेट हा पिचर टाकणार असला, की नामवंत कॅचर होर्हे पोसादाला बसवून होझेला खेळवले जाई. बॅटने गमावलेले हा माणूस हातमोज्याने परत आणत होता, हे संघाने आकड्यांच्या आधीच ओळखले होते, असे म्हणायला हरकत नाही.

प्रश्न : अशा फिरत्या खेळाडूला पैसे तरी बरे मिळतात का, की आपल्याकडच्या रणजी खेळाडूच्या जुन्या काळच्या भत्त्यासारखे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : तो कोणत्या पायरीवर उभा आहे, यावर सारे अवलंबून आहे. मेजर लीगचे किमान वेतन २०२५ साली वर्षाला ७,६०,००० डॉलर होते, म्हणजे सहा कोटी रुपयांच्या वर. परंतु ते दिवसांच्या हिशेबाने मिळते. वर असलेल्या प्रत्येक दिवसाचे सुमारे चार हजार डॉलर, आणि खाली गेल्यावर हिशेब बदलतो. ट्रिपल ए या सर्वांत वरच्या मायनर पायरीचे किमान वेतन २०२३ मधल्या पहिल्या सामूहिक करारानंतर वर्षाला ३५,८०० डॉलर झाले, आणि त्याआधी ते याच्या निम्म्याच्या आसपास होते. क्रॅट्झची सुरुवातीची आठ वर्षे त्या आधीच्या काळातली आहेत, हे ध्यानात घ्या.

पैशाइतकेच दिवसांनाही मोल आहे. मेजर लीगच्या यादीत एक दिवस राहिलेल्यालाही आरोग्य विम्याच्या योजनेचा हक्क मिळतो, ४३ दिवस भरले की निवृत्तिवेतनाचा किमान हक्क लागू होतो, आणि दहा वर्षे पूर्ण झाली तर पूर्ण निवृत्तिवेतन मिळते. १७२ दिवसांचे एक सेवावर्ष धरतात. त्यामुळे सप्टेंबरात दोन आठवड्यांसाठी वर बोलावलेला पस्तिशीचा कॅचर बाकावर बसून कंटाळला असेल, असे आपल्याला दूरदर्शनवर पाहताना वाटते, तेव्हा तो मनात दिवस मोजत असण्याचीही शक्यता आहे.

प्रश्न : मी संस्कृतची निवृत्त शिक्षिका आहे. संस्कृत शिकलेला एक बेसबॉलपटू पुढे गुप्तहेर झाला, असे नातवाने सांगितले. ही थाप तर नाही ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : थाप नाही. मो बर्ग (१९०२–१९७२) हा प्रिन्स्टन विद्यापीठाचा पदवीधर होता, आणि तेथे त्याने लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, जर्मन या भाषांबरोबर संस्कृतचाही अभ्यास केला होता. पुढे कोलंबिया विद्यापीठातून त्याने कायद्याची पदवी घेतली. या सदराच्या विषयाशी त्याचा संबंध असा, की तो मुळात शॉर्टस्टॉप या जागेवर खेळायचा आणि १९२७ साली शिकागो व्हाइट सॉक्सचे कॅचर एकापाठोपाठ जायबंदी झाले, तेव्हा गरजेपोटी मुखवटा चढवून होम प्लेटमागे बसला, तो कायमचाच. पंधरा हंगामांत त्याची सरासरी .२४३ राहिली आणि होमरन अवघे सहा. ‘याला सात भाषा येतात, पण त्यांतल्या एकीतही फटका मारता येत नाही’ अशी त्याची थट्टा होत असे.

१९३४ साली बेब रूथसारख्या दिग्गजांच्या संघाबरोबर हा दुय्यम कॅचरही जपानला गेला, आणि तोक्योमधल्या सेंट ल्यूक रुग्णालयाच्या गच्चीवरून त्याने शहराचे चित्रीकरण करून घेतले. ते पुढे युद्धात किती उपयोगी पडले याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. दुसऱ्या महायुद्धात मात्र तो अमेरिकेच्या गुप्तचर संघटनेत रीतसर दाखल झाला. डिसेंबर १९४४ मध्ये झुरिक येथे जर्मन शास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांच्या व्याख्यानाला तो खिशात पिस्तूल ठेवून बसला होता. जर्मनी अणुबाँबच्या जवळ पोहोचल्याचे बोलण्यातून उमगले, तर वक्त्याला गोळी घालावी, असा त्याला आदेश होता. व्याख्यान ऐकून त्याने तसे काही नसल्याचा निष्कर्ष काढला आणि पिस्तूल खिशातच राहिले. संस्कृतचा उपयोग त्याला या कामी झाला असेल असे वाटत नाही, पण आपल्या विद्यार्थ्यांना सांगायला गोष्ट चांगली आहे.

प्रश्न : विदर्भाने चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली रणजी करंडक लागोपाठ दोनदा जिंकला, तेव्हापासून मला वाटते की यष्टीमागे उभे राहणारे लोक प्रशिक्षक म्हणून चांगले ठरतात. बेसबॉलमध्येही असे आहे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आहे, आणि बेसबॉलमध्ये तर फारच ठळकपणे आहे. पंडित यांचे उदाहरणही नेमके आहे. किरण मोरे यांच्या काळात खेळल्यामुळे त्यांच्या वाट्याला पाचच कसोटी सामने आले, आणि प्रशिक्षक म्हणून मात्र विदर्भानंतर २०२१–२२ मध्ये मध्य प्रदेशालाही त्यांनी रणजी करंडक मिळवून दिला. बेसबॉलमधले त्यांचे भाऊबंद मोजायचे तर पहिले नाव ब्रूस बोचीचे घ्यावे लागेल. १९७८ ते १९८७ या काळात हा राखीव कॅचर अवघे ३५८ सामने खेळला आणि मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, म्हणून सॅन फ्रान्सिस्को जायंट्ससह २०१०, २०१२ आणि २०१४ अशा तीन आणि टेक्सास रेंजर्ससह २०२३ ची एक वर्ल्ड सिरीज जिंकला. टँपा बे रेज संघाला २०२० च्या वर्ल्ड सिरीजपर्यंत नेणाऱ्या केव्हिन कॅशची खेळाडू म्हणून सरासरी .१८३ होती. डेव्हिड रॉस हा जॉन लेस्टर या पिचरचा ठरलेला कॅचर होता. २०१६ मध्ये शिकागो कब्जकडून खेळताना वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात त्याने ३९व्या वर्षी होमरन मारला आणि तीन वर्षांनी त्याच संघाचा मॅनेजर म्हणून त्याची नेमणूक झाली.

स्टीव्हन व्होटची गोष्ट जरा वेगळ्या चवीची आहे. मेजर लीगमधल्या पहिल्या ३२ संधींत त्याला एकही हिट मिळाला नव्हता, आणि जून २०१३ मध्ये अखेर पहिला हिट आला तो होमरनच्या रूपाने. २०२२ च्या ऑक्टोबरात ओकलंडला कारकिर्दीतल्या शेवटच्या सामन्यात ध्वनिक्षेपकावरून त्याचे नाव त्याच्या मुलांनी पुकारले आणि शेवटच्या संधीला त्याने पुन्हा होमरन मारला. त्यानंतर क्लीव्हलँडचा मॅनेजर म्हणून २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला.

कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. नैसर्गिक गुणांवर खेळणाऱ्याला आपण फटका कसा मारतो हे पुष्कळदा स्वतःलाच सांगता येत नाही. राखीव कॅचरला प्रत्येक गोष्ट शिकावी लागलेली असते, आणि आठवड्यातले पाच दिवस तो मॅनेजरच्या शेजारी बसून सामना पाहत असतो. अर्थात सगळेच मॅनेजर होत नाहीत. बॉब युकर १९६२ ते १९६७ या काळात .२०० च्या सरासरीने खेळला, आणि १९७१ पासून २०२४ पर्यंत मिल्वॉकीच्या सामन्यांचे आकाशवाणीवरून समालोचन करून खेळाडू असताना मिळाली नव्हती त्याच्या कैक पट कीर्ती मिळवून गेला. नकलबॉल झेलायची उत्तम रीत म्हणजे तो घरंगळायचा थांबेपर्यंत वाट पाहणे आणि मग उचलणे, असे तो सांगायचा. स्वतःच्या अपयशावर इतकी वर्षे लोकांना हसवणारा दुसरा खेळाडू माझ्या माहितीत नाही.

प्रश्न : आमचा दहा वर्षांचा नातू न्यू जर्सीत लिटल लीगमध्ये खेळतो आणि त्याला कॅचरच व्हायचे आहे. तो डावखुरा आहे. शिवाय आता यंत्रच स्ट्राइक ठरवणार असेल, तर आपण लिहिता त्या कसबाला पुढे काही किंमत राहील का? – एक आजोबा, सध्या मुक्काम एडिसन

उत्तर : यंत्राविषयी आधी. मेजर लीगमध्ये २०२६ च्या हंगामापासून पंचाच्या निर्णयाला आव्हान देण्याची सोय आली आहे. बॅटर, पिचर किंवा कॅचर यांपैकी कोणीही डोक्यावर हात ठेवून दाद मागू शकतो, प्रत्येक संघाला अशी दोन आव्हाने मिळतात आणि आव्हान खरे ठरले तर ते शिल्लक राहते. याचा अर्थ बहुतेक चेंडूंचा निवाडा अजून पंचाकडेच आहे, त्यामुळे फ्रेमिंग लगेच निकामी होणार नाही. उलट कोणत्या चेंडूसाठी आव्हान खर्चायचे याची सर्वांत चांगली नजर कॅचरकडे असल्यामुळे त्याच्या कामात एका निर्णयाची भर पडली आहे. दक्षिण कोरियाच्या लीगने २०२४ पासून सगळाच निवाडा यंत्राकडे दिला आहे. अमेरिकेत तसे झाले, तर मॅथिससारख्यांची १७ वर्षांची कारकीर्द अवघड होईल असे माझे मत आहे. पिचरला समजून घेण्याचे काम मात्र यंत्राकडे जात नाही.

डावखुरेपणाचा अडथळा अधिक खरा आहे. मेजर लीगमध्ये डावखुऱ्या कॅचरचे उदाहरण द्यायचे म्हटले की १९८९ साली पिट्सबर्गकडून तीन सामन्यांत ती जागा सांभाळणाऱ्या बेनी डिस्टेफानोपर्यंत मागे जावे लागते. तिसऱ्या बेसकडे चेंडू फेकताना डावखुऱ्याला पूर्ण वळावे लागते, होम प्लेटकडे धावत येणाऱ्याला बाद करताना त्याचा हातमोजा चुकीच्या बाजूला येतो, आणि मुख्य म्हणजे डाव्या हातात जोर असलेल्या मुलाला प्रशिक्षक लहानपणीच पिचर करून टाकतात. दहाव्या वर्षी याची काळजी करण्याचे कारण नाही. त्याला दोन्ही जागांवर खेळू द्यावे, मात्र एकाच दिवशी नव्हे. लिटल लीगच्या नियमांनुसार चार किंवा अधिक इनिंग कॅचर राहिलेल्या मुलाला त्या दिवशी पिचिंग करता येत नाही, आणि ४१ किंवा अधिक चेंडू टाकलेल्याला त्या दिवशी कॅचर होता येत नाही. हा नियम खांद्यासाठी आहे. मुखवटा आणि छातीवरचे कवच मात्र मोठ्या भावाचे उतरलेले न वापरता त्याच्या मापाचे घ्यावे, आणि डावखुऱ्यासाठीचा, उजव्या हातात चढणारा कॅचरचा हातमोजा दुकानात सहज ठेवलेला नसतो, तेव्हा तो हंगाम सुरू होण्याच्या बराच आधी मागवून ठेवावा.